अमेरिकेतली तीन स्थळं

आयुष्यात मी सगळ्यात जास्त डोकं कशावर चालवलं असेल, तर तीन विद्यापीठं निवडण्यावर. लग्न मी याच्या निम्माही विचार न करता केलं. राहतं घर तर एका दुपारी बघून पसंत केलं. पण सत्तरच्या दशकातल्या मधल्या एका वर्षी, दापोडीच्या दोन खोल्यांत राहून आणि पिंपरीच्या औषध कारखान्यात नोकरी करून, अमेरिकेत संख्याशास्त्राची डॉक्टरेट करायला कुठं कुठं अर्ज करायचा हे ठरवायला मी साडेतीन महिने घेतले. त्या सगळ्या मेहनतीचं मातेरं झालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं उगाच आशा धरू नये. मी धरली होती, तेवढी पुरे.

कारखान्यात मी औषधाचा जोर तपासायच्या प्रयोगशाळेत होते. काचेच्या थाळीत जंतू पेरायचे, त्यावर औषधाचे थेंब ठेवायचे. औषध जिथवर झिरपेल तिथवरचे जंतू मरायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीत स्वच्छ गोल दिसायचे. गोल मोठा असेल तर औषध जोरकस, लहान असेल तर मिळमिळीत. मी दिवसभर हे गोल पट्टीनं मोजायचे आणि दांडा फिरवून चालवायच्या यंत्रावर त्यांचं गणित करायचे. गंमत अशी की एकाच औषधाच्या तीन थाळ्या तीन वेगळी उत्तरं द्यायच्या. आमचे साहेब म्हणायचे, "सरासरी काढा, सही करा, पुढची थाळी घ्या." मी सही करायचे, पण तो आकडा डोक्यातून जायचा नाही. खरं उत्तर या सरासरीपासून किती लांब असेल? हे औषध ज्या पोराला टोचणार त्याला पुरेल का? या प्रश्नांचं एक शास्त्र आहे, त्याला जीवसंख्याशास्त्र म्हणतात आणि ते शिकवणारं जवळपास कुणी नाही, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचेना.

अमेरिकाच का, असं मला तेव्हाही लोक विचारत. मी शास्त्राचं कारण सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण आणखी एक कारण होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. आमचं आडनाव ऐकलं की समोरच्याला आमची वस्ती, आमचा धर्म, आजोबा गावात काय काम करायचे, सगळं न विचारता कळायचं. उघड कुणी काही बोलायचं नाही. शिकलेली माणसं होती सगळी. फक्त नाव सांगितल्यावर समोरचा जरासा थांबायचा आणि मग "अच्छा, अच्छा" म्हणायचा. ते "अच्छा, अच्छा" ऐकून ऐकून माझे कान किटले होते. जिथं माझ्या आडनावावरून कुणालाच काही कळणार नाही अशा गावी मला जायचं होतं.

पुण्याला विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकले, तिथं आमचे एक सर होते. वर्गात मुलगी एकटी मीच होते, पण त्यांनी कधी मला जास्त सोपा प्रश्न विचारला नाही की जास्त अवघडही नाही. असा माणूस मला तोवर भेटला नव्हता. परदेशी अर्ज करायचा तर तीन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात आणि ती त्यांनी परस्पर तिकडं पाठवायची असतात. सरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "मी तीनच ठिकाणी पत्रं लिहीन. प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं, स्वतः टाइप करून. पंधरा ठिकाणी अर्ज करणाऱ्याला शिकायचं नसतं, त्याला नुसतं सुटायचं असतं."

मला सुटायचंही होतं, पण तीनच्या अटीला मी मान डोलावली. येत्या जूनमध्ये सर निवृत्त होऊन मुलाकडे मद्रासला जाणार होते. त्यांच्यानंतर माझ्यासाठी असं पत्र लिहिणारं विभागात कुणी उरणार नव्हतं. घरीही हे एकच वर्ष होतं. मामा लोक दर सणाला माझ्या लग्नाचा विषय काढत होते आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खोकला वाढत चालला होता. म्हणजे जे काय व्हायचं ते याच वर्षी आणि या तीन पत्रांच्या जोरावर.

विभागाच्या ग्रंथालयात एका लोखंडी कपाटात परदेशी विद्यापीठांच्या माहितीपुस्तिका होत्या. काही इतक्या जुन्या, की त्यातले निम्मे प्राध्यापक वारले असतील. रविवारी दापोडीहून बसनं जायचं आणि दुपारभर त्या पुस्तिका उतरवून काढायच्या. कारखान्यातून आणलेल्या आलेखाच्या कागदावर मी सत्तावीस नावं लिहिली आणि पुढं रकाने आखले. कोण शिकवतं, काय शिकवतं, प्रयोगशाळेशी संबंध आहे का, शिष्यवृत्ती मिळते का. अर्जाबरोबरच डॉलरमध्ये फी मागणारी आधी खोडली, कारण त्या काळी डॉलर मिळवणं डॉक्टरेट मिळवण्याइतकंच अवघड होतं. राहिली एकोणीस. जिथं नुसती प्रमेयं सिद्ध करत बसतात तीही खोडली आणि दुसऱ्या रविवारी त्यातली चार परत लिहिली, कारण सरांना काय वाटेल याची भीती वाटली. खोडणं आणि परत लिहिणं याला अंत नव्हता. माझं शिक्षण अनिश्चितता मोजण्याचं, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र मी डोळे मिटून चिठ्ठी उचलायच्या बेताला आले होते.

पॅकिंगमध्ये माझी एक मैत्रीण होती, पुनावळ्याची. घरची शेती, भावांना नोकऱ्या नकोत म्हणून ही कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकाच डब्यात हात घालायचो आणि त्याचं आमच्या दोघींपेक्षा बाकीच्यांनाच जास्त वाटायचं. एकदा तिनं माझा तो कागद ओढून घेतला.

"ह्ये काय गं? स्थळं बघतीस व्हय?"

"विद्यापीठं आहेत. अमेरिकेतली."

"म्हंजे स्थळंच की. पर तीनच का? आमच्यात पोरीला धा-बारा ठिकानी दावत्यात."

"सर तीनच पत्रं देणार आहेत."

"आन् तू त्यांना बघितलं न्हाईस, त्यांनी तुला बघितलं न्हाई. आमी वांगी घेताना बी देठ बघतो बाई." मग कागद परत देत ती म्हणाली, "जाशील गं तू. गेलीस की आमाला इसरशील."

त्या दिवसापासून आमच्यात त्या कागदाचं नाव 'स्थळं' पडलं. आज कुठलं स्थळ मोडलं, असं ती रोज विचारायची. मला हसू यायचं. त्या साडेतीन महिन्यांत मी जेवढं हसले ते तिच्यामुळंच.

सरांचं आणि माझं एका गोष्टीवर जमत नव्हतं. त्यांच्या मते मी शुद्ध संख्याशास्त्राकडे जायला हवं होतं. "जीवसंख्याशास्त्र म्हणजे डॉक्टरांची हमाली," ते म्हणायचे. "ते आकडे आणून टाकणार, तुम्ही बेरजा करून देणार. तुमच्या डोक्याला हे शोभत नाही." माझं डोकं कशाला तरी शोभतं असं म्हणणारा तो पहिला माणूस, म्हणून त्यांना दुखवायचं जिवावर आलं. पण रोज सकाळी थाळीतले गोल बघितले की वाटायचं, हमाली तर हमाली. आमच्या घरात हमालीला कुणी नाक मुरडत नाही.

शेवटी तडजोड केली. पहिलं विद्यापीठ सरांच्या मर्जीचं, पश्चिम किनाऱ्यावरचं, मोठं नावाजलेलं, जिथं मला घेतील असं मलाच वाटत नव्हतं. दुसरं देशाच्या मधोमध, मक्याच्या शेतांच्या मुलखातलं. तिथल्या एका प्राध्यापकाचा जंतूंच्या थाळ्यांवरचा लेख मी पाठ केला होता. आणि तिसरं पूर्वेकडचं, एका वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला लहानसा जीवसंख्याशास्त्राचा विभाग. पुस्तिकेत त्याला अर्धंच पान दिलेलं. त्यात एक वाक्य होतं, की इथले विद्यार्थी पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत बसून काम करतात. ते वाक्य वाचलं आणि माझा जीव तिथं अडकला. बाकीची दोन मी रीतीपुरती ठेवली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आबांना मी हे सगळं सांगितलं होतं. आबा पिंपरीच्याच एका कारखान्यात, ओतकामाच्या भट्टीवर. मराठी वाचता-लिहिता यायचं, हळूहळू, बोट ठेवून. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू'चा अर्थ कधी हो व्हायचा, कधी नाही, आणि कधी विषयच संपायचा. मी थांबले नाही. मुंबईला जाऊन तिकडच्या प्रवेशाला लागणारी परीक्षा दिली, अर्ज मागवले, आले तसे भरले. इंग्रजी मोठ्या अक्षरांत, प्रत्येक चौकट तीनदा तपासून. नोव्हेंबरात तिन्ही पाकिटं टपालात टाकली. सरांनीही त्यांची तीन पत्रं टाकली आणि पोस्टाच्या पावत्या माझ्या हातात दिल्या. बाकी दोघा शिक्षकांनीही पाठवली.

मग वाट बघणं सुरू झालं. आमच्या गल्लीत टपाल दुपारी यायचं, तेव्हा मी कामावर. आल्या आल्या आईला विचारायचे, "पत्र आलं?" आई चुलीशी बसून मान न वळवता म्हणायची, "तुझ्या नावाचं काही आलं नाही." फेब्रुवारी गेला. मार्च सुरू झाला. मी पोस्टात जाऊन आले. पोस्टमन ओळखीचा होता. तो म्हणाला, "ताई, तुमच्या नावाचं आलं असतं तर मी ठेवून घेतलं असतं का? नाही आलं काही." मैत्रिणीनं स्थळांची चौकशी करणं हळूहळू बंद केलं. थाळ्या मोजताना माझ्या चुका व्हायला लागल्या. साहेबांनी दोनदा बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी रोज स्वतःला सांगायचे की तिकडच्या टपालाला वेळ लागतो आणि रोज माझा त्यावरचा विश्वास थोडा कमी व्हायचा. मला घेतलं नाही तर नाही, पण कुणी उत्तर द्यायच्याही लायकीची मला समजू नये, याचा फार अपमान वाटत होता.

एप्रिलातला गुरुवार होता. आबांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, माझ्या कंपनीला रविवारी. म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी घरी यायचे तेव्हा आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसलेले असायचे. त्या दिवशी ते आत, लोखंडी पेटीजवळ बसले होते. आईही बाजूला बसली होती आणि तिनं चहा ठेवला नव्हता. मला वाटलं, मामांनी आणलेलं काहीतरी पक्कं झालं.

"बस," आबा म्हणाले. "म्या लई इचार केला. तू जा. बाप राजी हाय."

मला काही कळेना. "कुठं जा?"

"तिकडं. अमेरिकेला." त्यांनी पेटीतून तीन लांबट पाकिटं काढली आणि माझ्यापुढं ठेवली. परदेशी तिकिटं लावलेली. तिन्ही फोडलेली. "तिन्ही ठिकानावनं मला पत्र आलंय. मलाच इचारलंय त्यांनी."

मी पाकिटं घेतली तेव्हा आबा पुढं सांगतच होते. पहिलं पत्र फेब्रुवारीत आलं, गुरुवारीच, पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते कंपनीत टाइम ऑफिसातल्या कारकुनाला दाखवलं. त्याला थोडं इंग्रजी येतं. त्यानं वाचून सांगितलं, "राव, तुमचं पत्र मागितलंय त्यांनी. तुमचं पत्र मिळालं नाही, ते आल्याशिवाय पुढं काही होणार नाही असं लिहिलंय." मग दुसरं आलं, तिसरं आलं, त्यातही पत्राचाच शब्द बघून कारकुनानं तसंच सांगितलं. आबांनी आईला सांगून ठेवलं, "माझ्या नावाचं येईल ते मला दे, पोरीला आत्ता बोलू नको, मला इचार करू दे."

"बापाला इचारल्याबिगर पोरगी न्यायची न्हाई, एवढी रीत त्यांच्यात बी हाय," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी फार कमी वेळा पाहिला होता. "आजवर मला कुनी पत्र धाडून काय इचारलं न्हवतं. म्हून म्हटलं, नीट इचार करून सांगावं. कंपनीच्या डाक्टरला बी इचारलं, अजून चार वरसं भट्टीवर काढीन का. काढाल म्हनला. मंग तुझ्या पगाराबिगर भागतंय आपलं."

मी तोवर पत्रं वाचली होती. दोन पत्रं चार-चार ओळींची. आपल्या अर्जासाठी एकही शिफारसपत्र आलेलं नाही, मुदत संपली, अर्ज बंद करण्यात येत आहे. तिसरं त्या लहानशा विभागाचं होतं, खाली शाईनं सही केलेलं. आपला अर्ज आणि परीक्षेचे गुण समितीला फार आवडले आहेत, प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल आपण लिहिलेलं वाचून आम्हाला आनंद झाला. अडचण एवढीच, की आपल्या शिक्षकांची पत्रं आम्हाला मिळालेली नाहीत. ती पंधरा मार्चपर्यंत मिळाली तर आपला विचार नक्की करू.

एप्रिल निम्मा सरला होता.

मी ओरडले. आबांसमोर मी आवाज चढवला नव्हता कधी, त्या दिवशी शेजारच्या चार घरांत ऐकू जाईल असा चढवला. "हे तुम्हाला विचारलेलं नाही! तुमचा काय संबंध? माझं पत्र होतं हे! माझं! तुम्ही दोन महिने पेटीत कुजवलंत!" आणखीही बोलले. अंगठेबहाद्दर म्हणाले. ते अंगठेबहाद्दर नव्हते, सही करायचे, वाचायचे, आणि ते त्यांनी किती कष्टानं मिळवलं होतं हे मला माहीत होतं. तरी म्हणाले.

आबा चिडले नाहीत. त्यांनी एक पाकीट उचललं आणि पत्त्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजीतली दोनच नावं त्यांना ओळखू यायची, गेट पासवर रोज बघून पाठ झालेली.

"पर नाव तर माझंच हाय," ते म्हणाले.

मी बघितलं. ओळीत आधी 'मिस्टर' होतं. मग आमचं आडनाव. मग एक सुटं अक्षर आणि टिंब. आणि मग आबांचं नाव. लख्ख स्पष्ट, टाइप केलेलं. ते सुटं अक्षर म्हणजे मी.

काय झालं ते मला एका क्षणात समजलं आणि तो क्षण मी अजून विसरू शकलेले नाही. शाळेच्या दाखल्यापासून एम.एस्सी.च्या गुणपत्रिकेपर्यंत माझं नाव एकाच क्रमानं लिहिलं गेलं होतं. आधी आडनाव, मग माझं, मग वडिलांचं. आपल्याकडं सगळ्यांचंच असं लिहितात. अर्जात इंग्रजीत विचारलं होतं, पहिलं नाव काय, मधलं काय, शेवटचं काय. मी पहिल्याच्या चौकटीत पहिलं लिहिलं, मधल्याच्या चौकटीत मधलं आणि शेवटच्याच्या चौकटीत शेवटचं. तीनदा तपासलं होतं. तिन्ही वेळा बरोबर होतं. तिकडं शेवटचं नाव म्हणजे आडनाव, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला शंकाही आली नव्हती. माझ्या अर्जाची फाइल आबांच्या नावानं लागली. सरांनी आणि बाकीच्यांनी साहेबी पद्धतीनं माझं नाव आणि मग आडनाव लिहून पत्रं पाठवली, ती आडनावाच्या फाइलीत गेली. त्या तिन्ही गावांत कुठल्यातरी कपाटात एक माणूस अर्ज असलेला आणि पत्रं नसलेला होता, आणि दुसरा पत्रं असलेला आणि अर्ज नसलेला. दोन्ही मीच. परीक्षेचे गुण तेवढे नीट पोचले होते, कारण तिथंही मी तीच चूक केली होती. माझ्या आडनावावरून कुणाला काही कळू नये अशी माझी इच्छा होती. ते आडनाव आहे हेही त्यांना कळलं नाही.

आई म्हणाली, "मी खोटं नाही बोलले गं. तुझ्या नावाचं खरंच नव्हतं." तिचं बरोबर होतं. पोस्टमनचंही बरोबर होतं. त्या घरात त्या संध्याकाळी चुकलेली मी एकटीच होते, सगळ्यात जास्त शिकलेली.

आबांना मी समजावून सांगितलं, आवाज खाली आणून. चूक माझी, नाव मी चुकीच्या चौकटीत लिहिलं, त्यांना माझ्या मास्तरांची पत्रं हवी होती, आता मुदत गेली. त्यांनी सगळं ऐकलं.

"फेब्रुवारीत दिली असती पत्रं तुला, तर?"

मी पाकिटं एकावर एक रचली. फेब्रुवारीत मिळाली असती तर सरांनी त्याच दिवशी तार केली असती.

आबांनी सदऱ्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "मंग ह्ये बी आता धाडायचं न्हाई?" वहीचा रेघांचा कागद होता. त्यावर त्यांच्या हातचं मराठी, मोठमोठं, काही अक्षरं दोनदा गिरवलेली. खाली सही करणार लिहून देतो की, माझी मुलगी हिला शिक्षणासाठी परमुलखी पाठविण्यास माझी कसलीही हरकत नाही. तिची काळजी घेणे. खाली सही. आडनाव, त्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव.

'काळजी घेणे' मी दोनदा वाचलं. मग कागदाची घडी घातली.

"हरकत नाही, आबा," मी म्हणाले.

"पुन्यांदा लिवता यील न्हवं?"

"येईल की. पुढच्या वर्षी लिहू."

मग आईनं चहा ठेवला आणि थोड्या वेळानं आबा जेवले.

दुसऱ्या दिवशी मी त्या लहानशा विभागाला लांबलचक पत्र लिहिलं, सगळा घोळ सांगून. त्यांचं उत्तर आलं, या वेळी माझ्या बरोबर नावानं. त्यांना फार वाईट वाटलं, दोन्ही फाइली आता सापडल्या आणि एकत्र केल्या, मात्र यंदाच्या जागा भरल्या आहेत. पुढच्या वर्षी नवीन शिफारसपत्रांसह जरूर अर्ज करावा. ते पत्र घेऊन मी सरांकडे गेले. त्यांच्या घरी सामान बांधणं चाललं होतं. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "अर्ज मी एकदा बघायला मागायला हवा होता. मला सुचलं नाही." एवढं बोलून ते पुस्तकांच्या खोक्याला दोरी आवळायला लागले. मी दुसरं टोक धरलं.

पुढच्या वर्षी अर्ज का केला नाहीस, असं आजही मुली विचारतात, ज्यांना मी अर्ज भरायला मदत करते. मी त्यांना सांगते, की त्या पावसाळ्यात आबांनी भट्टी सोडली. डॉक्टरनं चार वर्षं सांगितली होती, चार महिने निघाले नाहीत. धाकटे दोघं भाऊ शाळेत होते आणि माझ्या पगारावर घर चाललं. हे सगळं खरं आहे. पण मद्रासला सरांना पत्र टाकता आलं असतं, ते मी टाकलं नाही. तो आलेखाचा कागद पुन्हा उघडायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. त्यानंतर काही निवडायचं म्हटलं की मी टाळायचे. मग जे समोर येईल ते घेत गेले. नवराही तसाच मिळाला, भला माणूस आहे. कारखान्यात निवृत्तीपर्यंत मी सरासरी काढून सह्या करत राहिले.

आबा त्यानंतर सात वर्षं होते. कुणी पाहुणा आला की सांगायचे, "पोरीचं अमेरिकेचं जमत हुतं. मला इचारलं बी हुतं त्यांनी. म्या व्हय म्हनलो हुतो." मी आतून ऐकायचे आणि बाहेर यायचे नाही. त्यांच्यापुरतं ते सगळं मिटलेलं होतं, कारण त्या संध्याकाळी मी हरकत नाही म्हणाले होते आणि माझा शब्द त्यांना खरा वाटला होता. तो खरा नव्हता. मला हरकत होती. आजही आहे.